बिनविरोध विरोधी पक्षनेता

आमच्या गावात विरोधी पक्ष नाही, ही गोष्ट आम्हाला परदेशातून कळवण्यात आली.

त्याआधी आमचं चांगलं चाललं होतं. खैरगव्हाण हे बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडपासून अकरा किलोमीटरवरचं गाव. सलग तीन निवडणुका बिनविरोध. म्हणजे निवडणूक लागली की मारुतीच्या पारावर बसायचं, सरपंच कोण, सदस्य कोण ते ठरवायचं, नारळ फोडायचा आणि मोजून तेवढेच अर्ज भरून यायचं. त्याबद्दल सरकारनं आम्हाला प्रमाणपत्र दिलं, शाल दिली. ग्रामसभेत ठराव वाचून व्हायच्या आत हात वर झालेले असायचे. एकदा मी चुकून मागच्या वर्षीचेच ठराव वाचले. तेही मंजूर झाले.

मी गोविंदा. ग्रामपंचायतीत संगणक परिचालक. दाखले काढणं, ठराव टाईप करणं आणि लाईट गेली की ती आली का ते बघणं, अशी माझी तीन कामं.

जानेवारीत एका थंड देशाच्या निधीचा फॉर्म आला. त्या देशाची लोकसंख्या आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या दुप्पट आणि म्हशी शून्य. हा देश बरीच वर्षं गरीब देशांना मदत करायचा, पण आधी त्यांचा कारभार तपासून. वीस मुद्दे, प्रत्येकाला पाच गुण. सत्तर मिळाले तर मदत, एकोणसत्तर मिळाले तर शुभेच्छा. पण देशांचं असं की गुण मिळेपर्यंत ते नीट वागतात, आणि मदत पोचली की राज्यघटना बदलतात. शेवटी कंटाळून त्या लोकांनी ठरवलं, जरा लहान नग घेऊन पाहू. गावं घेऊ. फॉर्म तोच ठेवला. फक्त 'देश' खोडून 'गाव' केलं, तेही सगळीकडे नाही.

त्यामुळे पहिलाच प्रश्न होता: 'मागील दहा वर्षांत आपल्या देशात लष्करी बंड झाले आहे काय?'

आमच्या गावात लष्कराचा एकच माणूस आहे, निवृत्त हवालदार दयाराम. मी त्यालाच जाऊन विचारलं.

"वेळच नाई भेटला," दयाराम म्हणाला.

मी 'नाही'वर टिक केली.

'शेजाऱ्यांशी सीमावाद आहे काय?' शेजारच्या गावाशी गायरानावरून आहे, पण त्यांचा वळू वर्षातले आठ महिने आमच्याकडेच मुक्कामाला असतो, म्हणून 'राजनैतिक संबंध सुरळीत' असं लिहिलं. 'वृत्तपत्रे स्वतंत्र आहेत काय?' गावात पेपर एकच येतो, कचरूच्या हॉटेलात. तो आधी उत्तमराव वाचतात, मग बाकीचे पानं वाटून घेतात. 'स्वतंत्र आहेत, फक्त उशिरा मिळतात,' असं लिहिलं.

शेवटी विरोधकांबद्दल दोन प्रश्न होते. तिथं आम्ही छाती फुगवून लिहिलं: 'विरोधक: एकही नाही. सर्व ठराव शंभर टक्के एकमताने.' सोबत प्रमाणपत्राचा फोटो जोडला. शालीचा पण.

मार्चमध्ये निकाल आला. शंभरपैकी चौसष्ट. राजकीय स्पर्धा, शून्य. विरोधी मताला वाव, शून्य. ज्या गोष्टीसाठी सरकारनं शाल दिली होती, त्याच गोष्टीसाठी परदेशानं भोपळा दिला. पत्राखाली निधीच्या पुण्याच्या मॅडमनी मराठीत एक ओळ लिहिली होती: 'आपल्या गावातील विरोधकांचे नेमके काय करण्यात आले, याचा कृपया खुलासा करावा.'

एक मेच्या ग्रामसभेला पथक येणार होतं. या दोन मुद्द्यांची फेरतपासणी. दहापैकी सहा गुण मिळाले, तर निधी आमचा.

आता निधी कशासाठी ते सांगतो, कारण त्यात माझं लग्न आहे.

आमच्या गावाला एक नाला आहे. नाव कोरडी. ती आजवर कोणी कोरडी पाहिलेली नाही. शाळा, दुकानं, पंचायत हे सगळं नाल्याच्या अलीकडे, आणि आमची पल्याडची वस्ती, एकतीस घरं, तिकडे. पूल नाही. चपला हातात घ्यायच्या, पायजमा वर करायचा आणि पाण्यातून जायचं. शकूर चाचाचा मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा आहे, तो भोंगे डोक्यावर घेऊन नाला ओलांडतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं की मोठी फुलं चालत येऊन राहिली आहेत.

या वस्तीत मुलगी द्यायला कोणी तयार नाही. माझी सात स्थळं येऊन गेली. आठवी पुष्पांजली, देऊळगाव राजाची. तिथं हिरव्या जाळीच्या शेडनेटमध्ये मिरचीच्या बियाण्याचं काम चालतं, ती चाळीस बायांवर सुपरवायझर. चिमट्यानं फूल उघडायचं, दुसऱ्या फुलाचे परागकण त्याला लावायचे, आणि खूण म्हणून देठाला दोरा बांधायचा. मला ती पाहताक्षणी आवडली. तिनं मला पाहिलं तेव्हा मी गुडघ्यापर्यंत ओला होतो, तरी आवडलो.

तिच्या वडिलांनी पोहे खाल्ले आणि म्हणाले, "पोरगा चांगला, घर चांगलं, पोहे चांगले. पण माझी पोरगी चपला हातात घेऊन सासरी जाणार नाही. मे संपेपर्यंत पुलाचा कागद दाखवा. नाहीतर जालन्याचं स्थळ आहे. डांबरी रस्त्यावर घर आहे त्यांचं."

पुष्पांजली फोनवर म्हणायची, "माझ्या हातून रोज हजार लग्नं लागतात, आपलं एक होईना."

म्हणजे निधी मिळाला की पूल, आणि पूल झाला की पुष्पांजली, असं सरळ दिसत होतं. पण एक अडचण होती. फॉर्ममधला पूल आमच्या वस्तीजवळ नव्हताच. तो खालच्या घाटावर होता, आमच्यापासून दोन किलोमीटरवर, उत्तमरावांच्या शेतासमोर. उत्तमराव हे गावातले मोठे शेतकरी, माजी सरपंच. दोन वर्षांपूर्वीच्या ग्रामसभेत त्यांनी म्हटलं, "पूल खालच्या घाटावर करू," आणि सगळ्यांचे हात वर झाले. वस्तीच्या एकतीस घरांचेही झाले. माझा झाला. आमच्या आबांचा तर सगळ्यात आधी झाला. घरी येताना नाल्यातून चपला हातात घेऊन आलो.

आमच्या आबांचं नाव तुळशीराम. त्यांनी आयुष्यात कोणालाही नाही म्हटलेलं नाही. एकदा एक विक्रेता त्यांना स्कूटरचं कव्हर विकून गेला. आमच्याकडे सायकल आहे. ते कव्हर आम्ही हिवाळ्यात म्हशीवर घालतो.

निकालाचं पत्र आलं त्या संध्याकाळी सरपंच वंदनाताईंनी पारावर बैठक बोलावली.

"आपल्याले विरोधी पक्ष पाह्यजे," ताई म्हणाल्या. "एक मेच्या आत. कोन व्हते विरोधी पक्षनेता?"

सगळे मारुतीकडे बघायला लागले.

"मी झालो असतो," कचरू म्हणाला, "पन मी विरोध केला त माह्या हॉटेलात चहा कोन पेईन?"

"मी शिस्तीतला मानूस हाये," दयाराम म्हणाला. "मले हुकूम द्या, मी विरोध करतो."

"हुकमानं केला त तो विरोध कसा राहीन बाप्पा?" ताई म्हणाल्या.

"मंग तुमचं तुमी पाहा. मी हुकमाबिगर हलत नाई."

"उत्तमराव भाऊ, तुमी?"

"माह्याकडं पाहून कोनी म्हनन का, का हा मानूस विरोधी पक्षात हाये म्हनून?" उत्तमराव म्हणाले. ते खरंच होतं. गावात सगळे त्यांच्याच बाजूनं होते, त्यामुळे त्यांना कोणाच्या विरोधात जाता येत नव्हतं.

ताईंची नजर फिरत फिरत कोपऱ्यात गेली. "तुळशीराम काका, तुमी व्हता का?"

"हाव," आबा म्हणाले.

मी तिथल्या तिथं टाईप केलं: 'ठराव क्रमांक सात. श्री. तुळशीराम यांची विरोधी पक्षनेतेपदी सर्वानुमते बिनविरोध निवड करण्यात येत आहे.' सगळ्यांचे हात वर झाले. आबांचाही झाला. नारळ फोडला.

घरी मायला सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता थांबली. माझ्या मायचं नाव रुखमाबाई. गावात तिच्यासमोर बोलायची सोय फार लोकांना नाही.

"यायले विरोधी पक्षनेता केलं?" ती म्हणाली. "लगन होऊन एकतीस वर्षं झाले, यायनं मले एका शब्दानं नाई म्हनलं नाई. समोर दगड वाढला त म्हनतीन, अजून एक दे."

"हाव," आबा म्हणाले.

आबांना तयार करायचं काम शकूर चाचाकडे दिलं, कारण त्याच्याकडे माईक होता. रोज सकाळी आमच्या अंगणात शिकवणी.

"तुळशीराम, गला खोल के बोल. बोल, नाई."

"हाव."

"अरे हाव नाई, नाई बोल."

"तेच म्हनून राह्यलो ना, हाव म्हनून."

"या अल्ला," चाचा म्हणाला आणि माईक बंद केला.

मग चाचानं गृहपाठ दिला: दिवसातून दहा वेळा कोणाला तरी नाही म्हणायचं. पहिल्या दिवशी आबा शेळीला म्हणाले. दुसऱ्या दिवशी कचरूनं विचारलं, "काका, साखर टाकू?" आबा डोळे मिटून म्हणाले, "नाई." कडू चहा प्यायले, ग्लास ठेवला आणि हळूच म्हणाले, "उद्या टाकशीन." आठवड्यानं तिसऱ्या भाकरीला नाही म्हणाले. मायनं मला बाहेर बोलावून विचारलं, यायले बरं नाई का? पंधराव्या दिवशी तोच विक्रेता आला, यावेळी हेल्मेट घेऊन. आबा म्हणाले, "नाई." विक्रेत्यानं पुन्हा विचारलं. आबा पुन्हा म्हणाले. विक्रेता ओट्यावर बसला, पाणी मागितलं आणि म्हणाला, "काका, तुमच्या भरोशावर मी या गावात येत होतो."

सभेसाठी मी कागद लिहून दिला होता. तीन विरोध. पहिला, दिवाबत्तीला विरोध. दुसरा, शाळेच्या भिंतीच्या रंगाला विरोध. तिसरा, नालीच्या झाकणाला विरोध. मग सभात्याग. आबांनी उठायचं, निषेध म्हणायचं, कचरूच्या हॉटेलात चार मिनिटं बसायचं आणि परत यायचं. याची पारावर रंगीत तालीम झाली. आबा निषेध म्हणून निघाले, तर मागोमाग सगळं गाव उठलं.

"अरे, तुमी कुठं चालले?" ताई ओरडल्या.

"एकटाच चालला ना तो," दयाराम म्हणाला. "बरं नाई दिसत."

कचरूनं त्या दिवशी दुधाची दुसरी कॅन आणली.

एक मेला दयारामनं झेंडा फडकावला आणि शाळेच्या पटांगणात शकूर चाचाच्या मंडपात सभा भरली. हजेरी दोनशे तेरा. पुण्याच्या मॅडम टॅब घेऊन आल्या होत्या, आणि त्यांच्यासोबत त्या थंड देशाचे एक साहेब. त्यांचं नाव कोणालाच उच्चारता येईना म्हणून सगळे त्यांना उंच साहेब म्हणत होते. बेचाळीस डिग्रीत ते हळूहळू टोमॅटोच्या रंगाचे होत चालले होते, पण हसत होते.

माझ्या खिशात फोन होता. त्यात पुष्पांजलीचा मेसेज: 'महिना संपायची वाट न बघता जालन्याचे लोक रविवारीच येत आहेत. तुमचं काय?'

ताईंनी सभा सुरू केली. आबा उठले. नवीन टोपी, हातात माझा कागद. माईकजवळ गेले.

"दिवाबत्तीले माहा विरोध हाये."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी डोळे वटारले, तेव्हा थांबले.

"शाळेच्या रंगाले माहा विरोध हाये." आबांनी कागद पाहिला. मग नाल्याकडे पाहिलं. पटांगणातून तो दिसतो, आणि त्यापलीकडे आमची वस्ती, आमचं घर, घरापुढं म्हैस. आबांनी कागदाची घडी केली आणि टोपीत ठेवली.

"आन पुलाले," ते म्हणाले.

पूल कागदात नव्हता.

"पूल चुकीच्या जागी हाये," आबा म्हणाले.

भोंग्यानं शिट्टी मारली. उत्तमराव पहिल्या रांगेतून हळू आवाजात म्हणाले, "तुळशीराम, हे कागदात हाये का?"

"नाई," आबा म्हणाले.

हे त्यांचं पहिलं खरं 'नाही'. शेळी आणि हेल्मेट धरून आधीची सगळी सरावाची होती.

"खालच्या घाटावर मानूस राह्यत नाई," आबा बोलत राहिले. त्यांचा आवाज चिरकत होता, पण थांबत नव्हता. "मानसं आमच्या वस्तीत राह्यतात. लेकरं रोज पान्यातून शाळेत येतात. माह्या पोराची सात स्थळं चपला हातात घेऊन आले आन चपला हातात घेऊनच गेले. आता आठवं हाये. मी बी तवा हात वर केला व्हता. मी समद्यालेच करतो. माहं चुकलं. पूल वस्तीपाशी करा."

मी उत्तमरावांकडे पाहिलं. सगळं गावच पाहत होतं. उत्तमराव उठले, खाली बसले, पुन्हा उठले.

"तुळशीराम," ते म्हणाले, "मंग हे तवाच काऊन नाई बोल्ला? मी आपलं सुचवून पाह्यलं व्हतं. समद्यायचे हात वर गेले, मले वाटलं गावालेच तिथं पाह्यजे."

"आमाले वाटलं तुमाले पाह्यजे."

"मले कायले पाह्यजे? माहा टॅक्टर पान्यातूनच जाते."

दोन वर्षं सगळं गाव एकमेकांचा मान राखत चुकीच्या जागी पूल बांधत होतं. मागून कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. मॅडमनी उंच साहेबांना भाषांतर करून सांगितलं आणि साहेब सगळ्यांच्या नंतर, एकटेच, बराच वेळ हसले.

"मंग पूल वस्तीपाशी, रोजच्या पायवाटेवर," ताई म्हणाल्या. "बाजूनं कोन?"

हात वर झाले. सगळेच. उत्तमरावांचे तर दोन्ही.

"विरोधात?"

कोणीच नाही.

माझा आनंद साधारण चार सेकंद टिकला. मग मला मॅडमचा चेहरा दिसला. त्यांनी टॅबवर काहीतरी खोडलं होतं. "म्हणजे हाही ठराव एकमतानेच," त्या म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

दोनशे तेरा विरुद्ध शून्य. पुन्हा भोपळा. पुलाची जागा बरोबर झाली होती आणि पूल गेला होता.

"अरे, कोनी तरी विरोध करा ना बे!" मी ओरडलो.

"पन जागा बरोबर हाये," कचरू म्हणाला.

"दयाराम काका, हुकूम हाये!"

"कोनाचा?" दयाराम म्हणाला. "लेखी दे."

ताईंनी आबांकडे पाहिलं. पदानं ते विरोधी पक्षनेते होते. पण ठराव त्यांचाच होता. आबांनी हात वर केला होता तो अर्धा खाली आणला, पुन्हा वर नेला. बिचाऱ्यांना स्वतःला नाही म्हणायचं शिकवलेलं नव्हतं.

तेवढ्यात बायांच्या बाजूनं आवाज आला.

"मी विरोधात हाये."

माझी माय उभी राहिली होती.

आबांनी वळून पाहिलं. "कोनाच्या?"

"तुमच्या," माय म्हणाली.

मला वाटलं, मायनं गुण वाचवायला केलं. पण मायला गुणांशी घेणंदेणं नव्हतं. ती पदर खोचून माईककडे निघाली होती.

"पूल वस्तीले पाह्यजे, बरोबर हाये. पन पायवाटेवर काऊन? तिथं आमचा धुन्याचा दगड हाये. माह्या सासूनं बैलगाडीत आनला व्हता. दिवसातून तिथं आमी एक घंटा बसतो. तेवढाच एक घंटा आमाले कोनी चहा मांगत नाई, का चावी कुठं हाये इचारत नाई. डोक्यावर पूल आला त जानारा येनारा वाकून पाहीन. चाळीस हात वर सरकवा, चिंचेपाशी."

"पन तू आता त हात वर केला ना?" आबा म्हणाले.

"समद्यायनं केला म्हनून केला."

"चिंचेपाशी माती भुसभुशीत हाये."

"नाई, खडक हाये."

"मी म्हनतो ना, माती हाये!"

मंडपातून 'ओ' असा आवाज उठला. आबांचा आवाज चढलेला गावानं कधी ऐकलेला नव्हता. लोकांनी खुर्च्या पुढे ओढल्या.

"रुखमाबाई सही बोल्ली," मागून शकूर चाचाची बायको अमीना चाची म्हणाली. "हमारा बी विरोध." बायांचे हात पटापट खाली आले.

"अमीना, मैं इधर बैठा हूँ," चाचा म्हणाला.

"हाव, तो बैठे रहो."

"गोविंदाचे माय," आबा माईकमधूनच म्हणाले, "तुले मातीतलं काय समजते?"

"मले नाई समजत? एकतीस वर्षं तुमाले रांधून घालून राह्यली, तवा बोल्ले नाई, तुले समजत नाई म्हनून?"

"तवा बोलाले पाह्यजे व्हतं!" आबा म्हणाले, आणि मग ते वाक्य त्यांच्या तोंडून निघालं. मला वाटतं, ते पुलाच्याही आधीपासून आत बसलेलं होतं. "एकतीस वर्षं झाले, वरनात मीठ जास्त असते!"

चार भोंग्यांतून ते वाक्य वस्तीपर्यंत गेलं. म्हशीनं मान वर केली.

माय आबांकडे पाहत उभी राहिली. मॅडमचं बोट टॅबवर अधांतरी होतं.

"एकतीस वर्षं?" माय म्हणाली.

"हाव."

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

"तू इचारलंच नाई, मीठ जास्त झालं का म्हनून. तू इचारलं, अजून वाढू का. मी म्हनलं, हाव."

मायनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते की काय. तिचे खांदे हलत होते. पदर काढला तेव्हा कळलं, ती हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "बाप्पा, बाप्पा," ती म्हणाली, "मले वाटे, यायले खारट आवडते. माहं मन मारून मी एकतीस वर्षं खारट खाल्लं!"

मग मतदान झालं. गावाच्या इतिहासातलं पहिलं, हात मोजून केलेलं. दयारामनं तीन वेळा मोजलं, कारण कोणालाच सवय नव्हती आणि लोक मध्येच हात बदलत होते. चिंचेपाशी, एकशे एकवीस. पायवाटेवर, ब्याण्णव. माय जिंकली. आबा हरले. उत्तमराव म्हणाले, "चिंचेखाली खडकच हाये, माह्या बापानं तिथं हीर खोदून पाह्यली व्हती," आणि आबांनी त्यांना सगळ्यांदेखत विचारलं, "मंग आधी काऊन नाई बोल्ले?" उत्तमराव म्हणाले, "सवय नाई ना बापू."

उंच साहेबांनी उठून टाळ्या वाजवल्या आणि आबांना, मग मायला हात जोडून नमस्कार केला. मॅडमनी मला हळूच विचारलं, "हे आधी बसवलेलं नव्हतं ना?"

"मॅडम," मी म्हणालो, "आम्ही बसवलेलं नालीच्या झाकणाबद्दल होतं."

शनिवारी मेल आली. दहापैकी नऊ. एकूण त्र्याहत्तर. एक गुण कापला होता. कारण दिलं होतं: 'विरोधी पक्षनेत्याची निवड बिनविरोध झाल्याचे आढळून आले.' मंजुरीच्या कागदाचा फोटो मी पुष्पांजलीला पाठवला. तिनं तो वडिलांना दाखवला. रविवारी जालन्याचे लोक आले, त्यांना पोहे देऊन परत पाठवण्यात आलं. आणि मार्चचा जुना खुलासा द्यायचा राहिला होता, तोही मी पाठवून दिला: 'आपल्या गावातील विरोधक सुखरूप असून घरी वरण-भात खात आहेत. मीठ कमी केले आहे.'

पूल फेब्रुवारीत झाला. चिंचेपाशी. पुष्पांजलीचे वडील लग्नाची बोलणी करायला गाडी घेऊन आले. गाडी दारापर्यंत येत होती, पण त्यांनी ती पुलाअलीकडेच थांबवली, खाली उतरले आणि चपला घालून, मुद्दाम जोरात पाय आपटत, पूल चालत आले. अर्ध्यावर उभं राहून खाली पाहिलं. नाल्याच्या खालच्या अंगाला, चाळीस हातांवर, धुण्याच्या दगडावर बाया बसल्या होत्या. अमीना चाचीनं वर पाहून विचारलं, "काय हरवलं का भाऊ?" ते लगबगीनं पुढे निघाले.

घरात बसल्यावर त्यांनी आबांना विचारलं, "मग लग्न आमच्या गावी, कार्यालयात करू ना?"

"नाई," आबा म्हणाले.

मी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"इथंच करू," आबा म्हणाले. "वरात पुलावरून येईन. नवरी चपला घालून येईन. नाई त मी सभात्याग करतो."

वरात पुलावरून आली. शकूर चाचाचे भोंगे पहिल्यांदा डोक्यावरून नाही, गाडीतून आले. मधोमध पुष्पांजली थांबली, पर्समधून लाल दोरा काढला आणि माझ्या मनगटाला बांधला. शेडनेटमध्ये काम झालेल्या फुलाला बांधतात तो.

"आता हे झालेल्यांत मोजायचं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं जेवायला बसलो. मायनं नव्या सुनेला वरण वाढलं. पुष्पांजलीनं भात कालवला, घास खाल्ला आणि म्हणाली, "आई, मीठ कमी आहे."

माय आबांकडे बघायला लागली. आबा ताटाकडे.

"नाई," आबा म्हणाले. "बरोबर हाये."

"बरोबरच हाये," माय म्हणाली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्या दोघांचं खरंखुरं एकमत झालं होतं.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नवीन लग्न झालेला माणूस. मी म्हणालो, कमी आहे.

दोन विरुद्ध दोन. प्रश्न अजून सुटलेला नाही. तोवर मीठ ताटात डाव्या बाजूला वेगळं वाढलं जातं.